भुसा, बाबा आणि व्हॅक्यूम क्लीनर

दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला हाताने काहीतरी करून बघायची खाज कधी ना कधी सुटतेच. कुणी ट्रेकला जातं, कुणी गिटार आणतं (आणि ती कपाटावर जाऊन बसते). मला सुतारकामाने पछाडलं. आमच्या फ्लॅटला मागच्या बाजूला आठ बाय चारची बाल्कनी आहे. तिथे एक बाक, दोन-तीन पटाश्या, रंधा, जिगसॉ आणि सँडर एवढा संसार थाटलाय. शनिवार-रविवारी मी तिथे, आणि माझा भुसा घरभर!

केरसुणी आणि सुपली यावर माझं दीड वर्ष व्यवस्थित चाललं होतं. मग बाबा महिनाभर राहायला आले.

बाबांना जुना दमा आहे, पंप कायम खिशात. पण सुतारकामाची आवड माझ्याहून जास्त. बाल्कनीच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि सूचना सुरू. "अरे, रेषेच्या उलट रंधा मारू नकोस, ढलप्या निघतील." पहिल्याच शनिवारी मी एमडीएफच्या फळीला सँडर लावला. अर्ध्या तासात बाबा खोकायला लागले. दोनदा पंप घ्यावा लागला. मग काही न बोलता उठून हॉलमध्ये टीव्हीसमोर जाऊन बसले. मला फार लागलं ते.

त्याच संध्याकाळी मी एक हातात धरायचा, बॅटरीवरचा व्हॅक्यूम घेऊन आलो. गाडीच्या सीट साफ करायला असतो ना, तसला. रविवारी काम झाल्यावर बाल्कनी पाच मिनिटांत चकाचक. म्हटलं, सुटला प्रश्न. तर बाबांना खोकला आणखीनच!

बग सापडला तो योगायोगाने. रात्री लाईट गेली. मी मोबाईलचा टॉर्च लावून बाकाखालचा कोपरा साफ करत होतो. टॉर्चचा झोत व्हॅक्यूमच्या मागच्या जाळीवर पडला आणि बघतो तर काय, तिथून धुराच्या लोटासारखी धूळ बाहेर येत होती! म्हणजे जी धूळ निवांत जमिनीवर पडली होती ती मी पुढून ओढून मागून बारीक फवारा मारत होतो, थेट नाकाच्या उंचीवर.

मग बसलो वाचायला. तर मंडळी, भुसा दिसतो तेवढा त्रास देतच नाही. करवतीचा जाड भुसा नाकातच अडकतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो. सँडरमधून निघणाऱ्या धुळीत 10 मायक्रॉनपेक्षा लहान कण भरपूर असतात, आणि त्यातले सगळ्यात बारीक थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. हे डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत बराच वेळ तरंगत राहतात. आणि हे फक्त दम्यावाल्यांचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. एमडीएफमध्ये तर वरून फॉर्मल्डिहाइडवाला डिंक! मी दीड वर्ष साधा रुमालसुद्धा बांधला नव्हता.

थोडक्यात माझी रिक्वायरमेंटच चुकली होती. व्हॅक्यूम किती ओढतो यापेक्षा मागून काय सोडतो हे आधी बघायला हवं होतं.

दुसऱ्यांदा खरेदीला निघालो तेव्हा चार गोष्टी ठरवून गेलो.

पहिली, फिल्टर. खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. 0.3 च का? तर मोठे कण सरळ येऊन धाग्यांवर आपटतात, त्याहून बारीक कण सैरावैरा फिरत धाग्यांना चिकटतात, आणि हे मधलेच सगळ्यात लबाड. सगळ्यात अवघड केसवर टेस्ट केलेला फिल्टर, हे आपल्याला आवडलं. खोक्यावर 'हेपा टाइप' लिहिलेलं असेल तर तो हेपा असेलच असं नाही. आणि फिल्टरच्या कडेचं रबर नीट बसलं नाही तर धूळ फिल्टरला वळसा घालून निघून जाते, मग आकडा कितीही असो.

दुसरी, वॉट. खोक्यावर मोठ्या अक्षरात '1200 वॉट' असतं, ते यंत्र वीज किती खातं त्याचं माप. ओढतं किती ते नव्हे. त्यासाठी दोन आकडे बघायचे, ओढ किती किलोपास्कल आणि हवा मिनिटाला किती लिटर. गंमत म्हणजे पहिला मोजतात पाईपचं तोंड बंद करून आणि दुसरा पूर्ण उघडं ठेवून. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत!

तिसरी, बॅटरी. माझ्या ड्रिलची 18 व्होल्टची 5 अँपिअर-अवरची बॅटरी लागेल असा छान व्हॅक्यूम मिळत होता. पण 18 गुणिले 5 म्हणजे 90 वॉट-अवर. मोटर 300 वॉटची धरली तर हिशेबाने 18 मिनिटं. टेबलाचा वरचा पाट घासायला मला तासभर लागतो. आणि माझ्या बाकापासून प्लग तीन फुटांवर! पोर्टेबल म्हणजे बिनवायरचा असं मी उगाच धरून चाललो होतो. मला हवा होता एका हाताने उचलून बाल्कनीतून हॉलमध्ये नेता येणारा आणि बाकाखाली मावणारा.

चौथी, पिंप. बारीक धुळीने फिल्टर भराभर चोंदतो आणि ओढ संपते. यावर उपाय म्हणजे मध्ये एक सायक्लोन लावायचा. हवा शंकूच्या आकाराच्या भांड्यात गरगर फिरते, जड भुसा कडेला जाऊन खाली पिंपात पडतो, फिल्टरपर्यंत थोडीच धूळ पोचते. योगायोग बघा, 1970 च्या दशकाच्या शेवटी जेम्स डायसनला बिनपिशवीच्या व्हॅक्यूमची कल्पना सुचली ती लाकडाच्या वखारीतला असलाच भलामोठा सायक्लोन बघून. मग त्याने 5,127 नमुने केले. आपण दोन पाईप आणि एक रंगाचा रिकामा डबा यावर भागवलं :-)

शेवटी घेतला तो वायरवाला, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, 15 लिटरचा, वेगळा हेपा फिल्टर बसवता येणारा. (पाणी ओढताना कागदी फिल्टर काढून स्पंजचा लावायचा, हे विसरू नका.) पण खरा फरक पडला तो पाईप थेट सँडरच्या मागच्या नळीला जोडल्यावर. धूळ पडल्यावर गोळा करण्यापेक्षा उडायच्या आतच पकडणं सोपं. नळ्यांचे व्यास अर्थातच जुळत नव्हते, मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा कामी आला.

रात्री दिवे बंद करून पुन्हा टॉर्च लावला. मागची हवा स्वच्छ दिसली. पण टॉर्चला सगळंच दिसत नाही, म्हणून एन-95 मास्क तरीही लावतोच. एमडीएफ मात्र बाबा असेपर्यंत बंद.

शेवटच्या रविवारी बाबांना म्हटलं, "बाबा, बसता का?" मास्क लावायला कुरकुर केली, "माकडासारखा दिसतोय मी." पण लावला. मग दोन तास आम्ही बायकोसाठी सागवानी पाटाचं काम केलं. सँडर त्यांच्या हातात, पाईप सांभाळायला मी. त्या दिवशी पंप लागला नाही. एका माणसाचा एक रविवार म्हणजे काही प्रयोग नव्हे, हे कळतं मला. म्हणून त्यावरून काही सिद्ध करत नाही.

असो. पाटाची एक कड थोडी वाकडी झालीय. बाबा म्हणतात ती माझी, मी म्हणतो त्यांची.