नावावर नऊ लॅपटॉप

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मागे ऑफिसात एक भानगड झाली होती आणि तिचं मूळ मीच होते, त्यामुळे लिहायचा धीर होत नव्हता. (मामी, नोकरी शाबूत आहे. फोन करू नकोस.)

मी नक्की काय करते हे आमच्या खारदांड्यात कोणाला नीट सांगता आलेलं नाही. 'कॉम्प्युटरचं काम' एवढ्यावर भागतं. खरं सांगायचं तर माझं निम्मं काम मोजदादीचं. कंपनीत लॅपटॉप किती, कुठल्या नंबरचे, कोणाकडे, वॉरंटी कधी संपते... हे सगळं आधी एका एक्सेल फाइलमध्ये असायचं. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनच्या आदल्या दोन-तीन दिवसांत लोकांनी हाताला लागेल ते यंत्र उचलून टॅक्सीत घातलं, घरी नेलं, आणि त्या फाइलचा बोऱ्या वाजला. लोक परत यायला लागल्यावर साहेब म्हणाले, आता काहीतरी सॉफ्टवेअर आणा. आम्ही स्नाइप-आयटी घेतलं. मुक्त स्रोत, आणि स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर फुकट. साहेबांना यातला दुसरा भाग जास्त आवडला.

त्यात वस्तू नोंदवण्याआधी वर्ग ठरवावे लागतात, आणि प्रत्येक वर्ग पाच जातींपैकी एकीत बसवावा लागतो. मला हे होडीवरून चटकन कळलं. होडी म्हणजे अ‍ॅसेट. तिच्यावर 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा नंबर रंगवलेला असतो, आणि त्या नंबराची होडी दुसरी नसते. लॅपटॉपचं तसंच. जाळ्याचे बोये म्हणजे अ‍ॅक्सेसरी. एकेका बोयाला नंबर नसतो, पण दिले किती नि परत आले किती हे मोजायचं. आमचे माउस, हेडफोन त्यातले. बर्फ आणि डिझेल म्हणजे कन्झ्युमेबल, गेलं ते गेलं, प्रिंटरच्या शाईसारखं. होडीत बसवलेलं जीपीएस यंत्र म्हणजे कंपोनंट, जशी लॅपटॉपमधली रॅम. आणि पाचवं लायसन्स, तर मासेमारीचा परवाना असतोच की, तिथे उपमासुद्धा शोधावी लागत नाही!

एवढं छान कळूनही मी माती खाल्ली.

पहिलं म्हणजे घाई. एका दुपारी सगळे वर्ग करून टाकले. लॅपटॉप, डेस्कटॉप, मॉनिटर, प्रिंटर, आणि जे सुचेना त्यासाठी 'इतर'. हे 'इतर' म्हणजे घरातला माळा. डॉकिंग स्टेशन, चार्जर, प्रोजेक्टरचा रिमोट, सगळं तिकडे. महिन्याभरात 'इतर'मध्ये मॉनिटरपेक्षा जास्त वस्तू झाल्या. मी त्याची जात अ‍ॅसेट ठेवली होती, आणि एकदा वर्गात वस्तू भरल्या की ती जात बदलता येत नाही. म्हणजे प्रत्येक चार्जरला नंबर चिकटवत बसा.

दुसरं म्हणजे कस्टम फील्ड, आपल्याला हवा तो जादा रकाना. रकान्यांचा संच बनवायचा आणि तो मॉडेलला जोडायचा (वर्गाला नाही. पहिल्यांदा करणारा इथे हमखास अडतो, मीही अडले). रकाना बनवताना त्यात काय लिहिलेलं चालेल ते सांगता येतं: फक्त आकडे, तारीख, किंवा तयार यादीतून निवड. मी काय केलं? 'शेरा' नावाचा एक रकाना, काहीही लिहिलं तरी चालेल असा. वाटलं, लोकांना सोपं पडेल. पडलं! कोणी 'रिपेर', कोणी 'दुरुस्ती', कोणी 'सर्विसला', कोणी नुसताच 'गेला'. वस्तूची अवस्था दाखवायला त्यात वेगळी सोय असते, 'दुरुस्तीला दिलंय' असं तिथे नोंदवता आलं असतं. ती मी वापरलीच नाही.

तिसरी चूक लिहायला सगळ्यात जड जाते. अ‍ॅसेट 'दिला' अशी नोंद करताना ते सॉफ्टवेअर विचारतं, कोणाला? माणसाला, ठिकाणाला की दुसऱ्या अ‍ॅसेटला? स्टोअर रूममध्ये नऊ जुने लॅपटॉप होते. 'स्टोअर रूम' हे ठिकाण मी बनवलंच नव्हतं. बनवायला दोन मिनिटं लागली असती. त्या खोलीची चावी आमच्या शिपाईदादांकडे असते, म्हणून नऊच्या नऊ मी त्यांच्या नावावर टाकले आणि जेवायला गेले.

पुढे दोन वर्षं कोणी बघितलं नाही.

मग 2023 च्या ऑडिटला प्रत्यक्ष मोजणी करायची ठरली. कारो 2020 नावाच्या आदेशाप्रमाणे कंपनीच्या मालमत्तेची नोंद नीट आहे का, संख्या आणि ठावठिकाणा त्यात आहे का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. शिवाय कंपनी कायद्याच्या हिशेबात लॅपटॉपचं आयुष्य 3 वर्षांचं आणि सर्व्हरचं 6 वर्षांचं धरलंय, त्यामुळे अकाउंट्सवाल्यांना माझे वर्ग त्यांच्या वर्गांशी जुळायला हवे होते. त्यावरून आमची आठवडाभर खडाजंगी झाली. त्या गडबडीत यादीतली एक ओळ मी वाचलीच नाही. स्टोअरमध्ये सात लॅपटॉप सापडले होते. दोन नाहीत.

महिना-दीड महिन्याने दादा माझ्या टेबलाशी आले. पन्नाशीच्या पुढचा माणूस, नालासोपाऱ्याहून येतो, कधी कोणाकडे चहासुद्धा मागितलेला मी पाहिला नाही. म्हणाले, "मॅडम, दोन हजार मिळतील का? पुढच्या महिन्यात देतो." मी दिले. का हवेत ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कँटीनमध्ये दुसऱ्याच कोणाकडून कळलं की त्यांच्या एजन्सीने पगार अडवून ठेवलाय. दोन लॅपटॉप त्यांच्या नावावर आहेत आणि ते त्यांना दाखवता येत नाहीत म्हणून. त्यांनी कधी त्या लॅपटॉपचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

तो रविवार मी घरात नुसती बसून होते. आई दारात बोंबील साफ करत होती. आता आमची होडी नाही, आई भाऊच्या धक्क्यावरून माल आणते आणि विकते. तिने विचारलं, काय झालं. मी माझ्या परीने सांगितलं. सॉफ्टवेअर, वर्ग, रकाने... ती ऐकत होती की नाही कोण जाणे, कोयता चाललाच होता. मग म्हणाली, "होरी नाखव्याची, चालवतो तांडेल. नि जाला वडनाऱ्या पोराचे नावावर तू होरी लिवलीस गो?"

बस, एवढंच. आणि पुढचा बोंबील घेतला.

सोमवारी मी आठ वाजता ऑफिसात पोचले. आधी 'स्टोअर रूम' हे ठिकाण बनवलं आणि सात लॅपटॉप दादांच्या नावावरून उतरवून तिकडे टाकले. उरलेल्या दोघांचे सीरियल नंबर घेऊन जुन्या मेलमध्ये शोधत बसले. 'शेरा' रकान्यात एकापुढे होतं 'गेला' आणि दुसऱ्यापुढे 'बोर्ड'. मी हे दोन शब्द आधी पन्नासदा पाहिले असतील! दुपारी तीनला मेल सापडला. दोन्ही लॅपटॉप मदरबोर्ड बदलायला एका सर्व्हिस सेंटरला गेले होते. दुरुस्त होऊन चौदा महिने तिथल्या कपाटात पडलेले. आणायला कोणी गेलंच नव्हतं. पाठवल्याच्या पावतीवर सही माझी होती.

मी वर लेखी कळवलं, चूक माझी आहे हेही लिहिलं. दादांचा पगार त्यानंतर सुटला. माफी कोणी मागितली नाही. मी मागितली, तर तेच संकोचून गेले आणि "जाऊ द्या हो मॅडम" म्हणाले, ते आणखी लागलं.

मग सगळं नव्याने मांडलं. 'शेरा' काढून 'कुठे पाठवला' हा यादीतून निवडायचा रकाना, एक तारखेचा, एक पावती नंबरचा. उत्साहाच्या भरात तिन्ही सक्तीचे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन मुलं रुजू व्हायला आली आणि एकही लॅपटॉप देता येईना, कारण जुन्या नोंदींत ते रकाने रिकामे आणि सॉफ्टवेअर नोंद साठवायलाच तयार नाही. पोरं रिसेप्शनवर ताटकळत, साहेब माझ्या डोक्यावर. सक्ती काढली, जुन्या नोंदी सीएसव्हीने भरल्या, मग पुन्हा सक्ती. हे कोणी करणार असाल तर याच क्रमाने करा, उगाच माझ्यासारखं तोंडावर आपटू नका.

'इतर' वर्ग रिकामा करायला अडीच महिने लागले. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही हरवली तर मी कोणाला फोन करणार? चार्जरसाठी कोणालाच करणार नाही, तो अ‍ॅक्सेसरी. प्रोजेक्टरसाठी करेन, तो अ‍ॅसेट, आणि तो मीटिंग रूमच्या नावावर, माणसाच्या नाही. राउटरवरून अकाउंट्सशी अजून भांडण चालू आहे. असो.

परवा दादा आले आणि म्हणाले, माझ्या नावावर आता काय आहे ते दाखवा. मी त्यांचं पान उघडलं. अ‍ॅसेट शून्य. त्यांनी स्क्रीनकडे नीट वाकून पाहिलं आणि म्हणाले, याचा कागद मिळेल का? मी प्रिंट काढून दिली. त्यांनी ती चौपदरी घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आणि तो चहाचा थर्मास?"

थर्मास 'इतर'मध्येच होता. अजूनही आहे.