वाघ किती, जमीन किती

पत्त्यांच्या खेळात प्राण्यांचा डेक बांधायला बसलेला नवखा माणूस आधी वाघ गोळा करतो. मोठा जबडा, मोठा आकडा, चकाकणारे पान. पण साठच्या साठ वाघ भरले तर त्यातला एकही खाली उतरत नाही. या खेळात प्रत्येक प्राण्याला किंमत असते आणि ती जमीन फेडते. जमिनीचे पान समोर पडल्याशिवाय ससासुद्धा हलत नाही.

हा नियम रुजवला तो ‘मॅजिक : द गॅदरिंग’ने. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ 1993 साली बाजारात आला आणि पत्ते जमवून, त्यांतून निवडून स्वतःचा कॅट बांधायची रीत त्याने जगभर नेली. डेक किमान साठ पानांचा. मूळ जमिनी सोडल्या तर एका नावाची जास्तीत जास्त चार पाने. मूळ जमिनी पाच: माळ, बेट, दलदल, डोंगर आणि रान. साठांपैकी सुमारे चोवीस पाने जमिनीची ठेवतात. डावाच्या सुरुवातीला हातात सात पाने येतात. चोवीस जमिनी असतील तर त्या सातांत सरासरी पावणेतीन पडतात. चोवीसच्या सोळा केल्या की सरासरी दोनच्याही खाली जाते, आणि मग हातातला वाघ हातातच राहतो.

दुसरा हिशेब जातकुळीचा. एखाद्या पानाची एकच प्रत असेल, तर ती पहिल्या सातांत येण्याची शक्यता शंभरात बाराच्या आत. चार असतील तर चाळीस. म्हणजे चार प्रती घालूनही त्या पानावर भिस्त ठेवता येत नाही. ते नाही आले तर त्याच कुळातल्या दुसऱ्याने काम उचलावे लागते. प्राण्यांचा डेक एका जातीभोवती बांधतात तो यासाठी. नुसत्या हौसेसाठी नव्हे. पहिल्याच संचात ‘गोब्लिन किंग’ नावाचे पान होते. ते मांडलेल्या प्रत्येक गोब्लिनचे बळ एकाने वाढवत असे. समोर एकही गोब्लिन नसेल, तर असा राजा कुणाच्या उपयोगाचा? मग उतरंड रचायची: तळाला एक-दोन जमिनींत भागणारी पुष्कळ लहान जनावरे, त्यांच्यावर मधली, आणि अगदी वर मोजकी मोठी.

जनावरांचे पत्ते आपल्या मुलखाला नवे नाहीत. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा हे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या, 144 पानांच्या जुन्या संचाचे वर्णन केले आहे. त्यात घोड्यांचा अश्वपती, हत्तींचा गजपती, रानातल्या श्वापदांचा वनपती आणि सापांचा अहिपती असे रंग होते. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि मागे दहा पाने.

कोकणातल्या सावंतवाडीने हा खेळ दशावतारात बसवला. दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण 120. पाने गोल. इथे डेक बांधणे शब्दशः बांधणेच होते: कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करायचा, मग चितारी बारीक कुंचल्याने चित्र काढी आणि शेवटी लाखेचा लेप बसे. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे आणि कूर्माच्या अठ्ठीवर आठ कासवे बोटभर जागेत एकमेकांना न चिरडता बसवायची. अशा पानाकडे पाहिले की जनावरांना जागा करून देणे म्हणजे काय, ते नीट उमगते. खेळायला तिघे, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने. दिवसा रामाचा राजा असेल त्याची उतारी, रात्री कृष्णाचा असेल त्याची. या खेळातला सगळ्यात सुंदर नियम क्रमाचा आहे: दहांपैकी पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का तळाला, उरलेल्या पाचांत नेमके उलट. तिथे राजा-प्रधानांच्या पाठोपाठ मान एक्क्याचा.

ही कला विझत आली होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. सावंतवाडीच्या गंजिफ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

सावंतवाडीने आपल्या मुलखाचे देव कॅटात आणले. तसा कॅट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचा, नंदुरबार जिल्ह्यातल्या खांडबाऱ्याचा, बांधायचा झाला तर सुरुवात जमिनीपासूनच करावी लागेल. सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे हे गाव नवापूर तालुक्यात येते. भिल्ल, मावची, कोकणी लोकांचा हा मुलूख. इथल्या जमिनी मॅजिकच्या पाच जमिनींत मावत नाहीत. सागाचे रान, मोह-पळसाचा उतार, पावसाळ्यात भाताची खाचरे, तापीकडे जाणारी नेसू नदी, आणि तुरीचे शेत. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा तुरीच्या शेताचे पान कुणी बळेच घुसडले असे म्हणता येणार नाही. चैत्रात मोहाची फुले जमिनीवर पडतात तेव्हा अख्खे गाव टोपल्या घेऊन झाडाखाली असते. जमीन फेडते म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग जनावरे. तळाला वाळवी: एकेक पान क्षुल्लक, पण चार उतरली की सागाचा ओंडकाही टिकत नाही. तिच्या जोडीला ससा, मुंगूस, घोरपड. त्यांच्यावर मोर, कोल्हा, नाग. मुंगूस समोर आला की नागाचे बळ घटते, हा नियम लिहायचीही गरज नाही. पुढे रानडुक्कर: रात्री शेतात शिरून उभे पीक नांगरून टाकणारे, म्हणून समोरच्याची एक जमीन मोडणारे. आणि वर बिबट्या, जो रान विरळ झाल्यावर उसातही मुक्काम करतो. एकाच पानाला दोन जमिनी चालतात, असे त्याच्या पानावर लिहावे लागेल.

राहिला वाघ. या पट्ट्यात वाघ देव आहे. वाघदेवाची पूजा गाव मिळून करते, आपली आणि गुराढोरांची राखण मागते. त्याच्या लाकडी खांबावर वाघाच्या सोबतीला नाग असतो, सूर्य असतो, चंद्र असतो. कोरणाऱ्याने वाघ कधी एकटा ठेवला नाही. अबुल फजलच्या वर्णनात वनपती आणि अहिपती हे वेगळे रंग होते. इथे दोघे एकाच खांबावर येऊन बसले. म्हणून वाघदेवाचे पान हल्ला करणारे नसावे. ते मांडले की आपल्या बाजूच्या सगळ्या जित्राबांना राखण मिळावी, आणि आपल्या जमिनी समोरच्याला मोडता येऊ नयेत. आणि त्याच्या चार प्रती घालायची परवानगी असली तरी घालू नयेत. शिवेवर खांब एकच असतो.

हिशेब असा बसतो: वाळवी, ससा, मुंगूस, घोरपड, मोर, कोल्हा, नाग, रानडुक्कर प्रत्येकी चार, म्हणजे बत्तीस. बिबटे तीन. वाघदेव एक. उरलेली चोवीस पाने जमिनीची.