लिस्बनचा कार्डिनल आणि ओल्ड गोव्यातले व्हडलें घर

पणजीहून निघालेली बस मांडवीच्या कडेकडेने ओल्ड गोव्याला पोहोचते आणि समोर सी कॅथेड्रल उभे राहते. दर्शनी दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला. उरलेल्यात ती नावाजलेली 'सोन्याची घंटा' आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, शिक्षा जाहीर व्हायच्या त्या दिवशी पहाटेच ती वाजू लागे.

या धर्मन्यायालयाची इमारत जवळच होती. मुळात तो आदिलशाही वाडा. पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो सोडल्यावर 1560 मध्ये अलेइशो दियश फाल्काँव आणि फ्रान्सिस्को मार्केश हे पहिले इन्क्विझिटर तिथे येऊन बसले. लोक त्याला 'व्हडलें घर' म्हणत. आज तिथे वाडा उरलेला नाही.

या दोघांचा वरिष्ठ लिस्बनला होता. पोर्तुगालचा राजा तिसरा जुवांव याचा भाऊ, कार्डिनल हेन्रिक. 1539 पासून तो महाइन्क्विझिटर. पुढे भावाचा नातू, राजा सेबास्तियाँव मोरोक्कोत पडला, तेव्हा 1578 मध्ये हा म्हातारा थेट गादीवरच बसला! गोव्याचे तोंडही न पाहिलेल्या माणसाच्या नावाने इथे खटले चालत, आणि गोव्याच्या न्यायालयाची हुकमत आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मकावपर्यंत. सहा-सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाच्या त्या काळात दूरचा वरिष्ठ म्हणजे स्थानिक साहेबाला रान मोकळे.

ते साहेब कसे असत, हे शार्ल देलाँ या फ्रेंच डॉक्टरने लिहून ठेवले. 1673 मध्ये त्याला दमणला पकडले. त्याला तपासणारा इन्क्विझिटर फ्रान्सिस्को देल्गादो ई मातोश. चौकशीच्या खोलीत मधे लांबलचक टेबल, भिंतीशी छताला भिडणारा क्रूस. जानेवारी 1676 मध्ये शेजारच्याच सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये त्याला शिक्षा सुनावली गेली. व्हाइसरॉय आणि आर्चबिशप यांना लिस्बनला विचारल्याशिवाय हात लावता येत नसे, बाकी कुणाचीही खैर नव्हती, असे तो सांगतो.

पुढे तर अधिकार स्वयंपाकघरात शिरला. 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतली तुळस गेली आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवणेही गुन्हा ठरले. धर्मरक्षणाची ही पातळी!

हे न्यायालय 1774 मध्ये बंद, 1778 मध्ये पुन्हा सुरू, अखेर 1812 मध्ये कायमचे बंद. न्यायालयातला म्हणून सांगितला जाणारा क्रूस पणजीत फोंतेन्यासच्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमध्ये आहे. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. ओल्ड गोवा पाहून परतताना तो चुकवू नये. आणि अ. का. प्रियोळकरांचा गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा 1961 चा इंग्रजी ग्रंथ आधी वाचून जावे.