सावलीचं आरक्षण

उमरीत आमच्या मोहल्ल्यातून मशिदीकडं जाताना रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब होता. कुणी लावला, कुणालाच ठाऊक नव्हतं. बुंध्याशी एक शहाबादी फरशी टाकलेली होती. अब्बा जोहरच्या नमाजला निघाले की त्या फरशीवर टेकायचे, दम घ्यायचे आणि मग पुढं जायचे.

रस्ता रुंद व्हावा म्हणून मोहल्ल्यातून सह्यांचा अर्ज गेला, तो मीच लिहिला होता. माझं मराठी चांगलं म्हणून अशी कामं माझ्याकडं येतात. रुंदीकरणात कडुनिंब जाणार हे मला कळत होतं. पण त्याच्याविषयी मी एक ओळही लिहिली नाही. रस्ता सिमेंटचा झाला, कडेला पेव्हर ब्लॉक बसले, आम्ही पेढे वाटले. थंडीचे दिवस होते. झाड गेल्याचं कुणाला फारसं जाणवलं नाही.

२०१९ साली रमजान मे महिन्यात आला. अब्बांचं वय सत्तरीपुढचं, तरी रोजा सोडायला तयार नव्हते. एका दुपारी जोहरला निघाले, कडुनिंबाच्या जागेपाशी पोचले आणि चक्कर येऊन कोसळले. लोकांनी उचलून घरी आणलं, पाणी पाजलं, ओल्या चादरीत गुंडाळलं. सावध झाल्यावर म्हणाले, "झाड तोडनेवाले कभी रोजे में पैदल चलके देखे नहीं होंगे." मी खाली मान घातली. मी मोटारसायकलवरून नमाजला जात होतो.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. बाग म्हणजे श्रीमंत शहरांची हौस, असं मला वाटायचं. तो समज गेला. सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते ओकतं. रात्रही तापलेलीच राहिली की शरीराला विसावा मिळत नाही. आधी म्हातारे, तान्ही मुलं, गरोदर बायका आणि उन्हात राबणारे मजूर खचतात. झाड सावली तर देतंच, शिवाय पानांतून बाष्प सोडून हवाही थोडी निववतं. म्हणजे दवाखान्याइतकीच सावलीही आरोग्याची बाब आहे.

डच वनतज्ज्ञ सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये शहरांसाठी एक सोपा नियम मांडला. प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीच्या तीस टक्के भागावर झाडांचं छत्र असावं आणि तीनशे मीटरच्या आत बाग असावी. मी दारात उभा राहून मोजून पाहिलं. पाण्याच्या काळ्या टाक्या दिसल्या, मोबाइलचा टॉवर दिसला. झाड एकच दिसलं, तेही कब्रस्तानातलं. आमच्या भागातली सर्वांत दाट सावली तिथं आहे, चिंचांची. ती मेलेल्यांना मिळते. आमच्याकडं बायका कब्रस्तानात जात नाहीत. त्यामुळं दुपारभर पत्र्याखाली स्वयंपाक करणाऱ्या अम्मीच्या वाट्याला तीही नाही.

विकास आराखड्यात बागेसाठी जागा राखून ठेवता येते. पण १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ असं आहे, की दहा वर्षांत जागा घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण उठतं. लहान गावाच्या तिजोरीला जमीन विकत घेणं झेपत नाही. मग बाग नकाशावर हिरव्या रंगात राहते आणि पुढं तिथं प्लॉट पडतात. म्हणून मला वाटतं, मोठ्या बागेची वाट बघत बसू नये. माणसं जिथून पायी जातात तिथली सावली आधी राखावी. शाळेची वाट, दवाखान्याची रांग, बसथांबा, भाजीबाजार, मशीद आणि मंदिराचा रस्ता. मे महिन्यात दुपारी दोन वाजता माणूस कुठं उभा असतो, हे पाहून नकाशा काढावा.

झाडं लावायला आपण कमी पडत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं तेहतीस कोटींचं लक्ष्य ठेवलं होतं. खरा प्रश्न एप्रिलमधल्या पाण्याचा आहे. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायला पाणी आणावं लागलं. अशा मुलखात रोपाला कोण पाणी घालणार?

उत्तर मशिदीतच सापडलं. पाच वेळच्या वजूचं पाणी गटारात जात होतं. त्यात ना साबण, ना मीठ. झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तरी लावणाऱ्याच्या नावावर सदका जमा होतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तरी ते पाणी कधी कुणाच्या डोळ्यात भरलं नव्हतं. जमातीतल्या दोघाचौघांनी नाकं मुरडली, पण पोरांनी पाइप टाकला. मी दुसरा अर्ज लिहिला, पेव्हर ब्लॉक काढून आळी करू द्या म्हणून. बऱ्याच खेटांनंतर तोंडी होकार मिळाला. कडुनिंब आणि करंजच लावले. दोघांनाही उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी पालवी येते, म्हणजे ऐन गरजेला सावली मिळते.

हे २०२१ च्या पावसाळ्यातलं. अब्बा त्याच वर्षी उन्हाळ्यात गेले. पहिल्या अर्जाची गोष्ट मी त्यांना अखेरपर्यंत सांगितली नाही.

गेल्या मे महिन्यात जुन्या जागेवरच्या कडुनिंबाची सावली एका माणसाला पुरेल एवढी पडू लागली. मी तिथं फरशी टाकली. दुसऱ्या दिवशी भाजीची पाटी बाजूला ठेवून एक म्हातारी तिच्यावर बसलेली दिसली. मी मोटारसायकल बंद केली आणि उरलेला रस्ता ती ढकलत पायी गेलो.