घाट चढलेला संसार

22 जुलै 2021 रोजी सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचे जवळजवळ सगळे गेले. गाद्या, फ्रीज, शिलाई मशीन, मुलांची दप्तरे, काहीच हाती लागले नाही. माळ्यावरचे तेवढे वाचले. तिथे अब्बांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पुस्तकांची खोकी होती. अब्बा आयुष्यभर उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दांचा संग्रह करायला घेतला होता. शब्द, अर्थ आणि आपल्या घरात तो शब्द कसा वापरतात याचे एक वाक्य. अशा सतरा वह्या भरल्या आणि मग ते अल्लाहला प्यारे झाले.

पुढच्या वर्षी मुलांच्या अब्बांना तळेगाव दाभाडेच्या एमआयडीसीत नोकरी मिळाली. मलाही मावळातल्या एका मराठी शाळेत जागा मिळाली. घर हलवायचे ठरले. 2022 च्या जुलैचा पहिला आठवडा, बकरी ईद चार दिवसांवर आणि आभाळ फाटलेले. पण नव्या घराचा करार आणि कंपनीची तारीख पावसासाठी थांबणार नव्हती.

अम्मींनी विचारले, "सामान उचलणार कोण?" त्यांच्या आयुष्यात घर एकदाच हलले होते, तेही एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात. तेव्हा शेजारीपाजारी आले, बैलगाडीच्या चार फेऱ्या झाल्या आणि रात्री सगळ्यांना पुलाव वाढला. आता दीडशे किलोमीटर जायचे, मध्ये बोरघाट आणि पलीकडे तिसऱ्या मजल्यावरचे घर, लिफ्ट नाही. पॅकर्स-मूव्हर्सशिवाय इलाज नव्हता.

चौदा हजारांचा कागद

आम्ही तीन ठिकाणी फोन केले. एका कंपनीचा माणूस घरी आला. त्याने खोल्या पाहिल्या, कपाटे मोजली, जिन्याची रुंदी बघितली आणि बावीस हजार सांगितले. दुसऱ्याने फोनवरच "टू बीएचके ना?" एवढे विचारले आणि चौदा हजार सांगितले. पुरानंतर सगळे नव्याने घेताना हात रिकामे झाले होते. आठ हजारांचा फरक आम्हाला मोठा वाटला आणि आम्ही चौदा हजारांना होकार दिला.

अम्मी म्हणाल्या, "ठीक आहे, पण लिहून घ्या." देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवावेत हे सांगणारी सूरह बकराची 282 वी आयत कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे, हे त्यांनी आम्हाला मदरशातल्या मुलांना सांगावे तसे सांगितले. मी वहीचे पान फाडले आणि लिहिले: एकूण चौदा हजार; त्यात टोल, घाट आणि तीन मजले चढवणे आले; चार हजार आगाऊ, बाकी सामान घरात उतरल्यावर. सुपरवायझरने हसत सही केली. साक्षीला शेजारच्या दोघांनी सह्या केल्या. मला मनातून थोडी लाजच वाटत होती.

सामान बांधायच्या दिवशी चार मुले आली. त्यांचा हात बघण्यासारखा होता. ताटे वर्तमानपत्रात गुंडाळून उभी रचली, काचेच्या बरण्यांना बबल रॅप, कपाटाच्या कोपऱ्यांना पुठ्ठा. तासाभरात माझे स्वयंपाकघर नऊ खोक्यांत बसले. गॅस सिलिंडर आम्ही आधीच एजन्सीत जमा करून कागद घेतला होता. दागिने, दाखले आणि पासबुके माझ्या पर्समध्ये. जुजदानातले कुरआन, रहल आणि मुसल्ले अम्मींनी स्वतःच्या पिशवीत घेतले. ती पिशवी त्या मांडीवरून खाली ठेवणार नव्हत्या. लोणचे, कोकमाचे आगळ आणि सोड्यांचा डबा बघून मुकादम म्हणाला, "ताई, हे तुमच्या जीपमध्ये. सांडलं तर सगळ्या गाडीला वास."

सुपरवायझरने यादी केली. फ्रीज एक, कपाटे दोन, पलंग दोन आणि शेवटी "किरकोळ खोकी 23". आम्ही सही केली. अब्बांच्या वह्या त्या तेवीसमध्ये होत्या.

खोपोलीची रात्र

आम्ही जीपने पुढे, ट्रक मागे. माणगाव, कोलाड, वाकण फाटा, पाली करत रात्री नऊला खोपोलीत पोहोचलो. पाऊस इतका की समोरच्या गाडीचा दिवा तेवढा दिसे. चहा घेत असताना फोन आला. ऑफिसमधला माणूस म्हणाला, माल जास्त आहे, घाट चढायचा तर आणखी आठ हजार लागतील. नाहीतर सामान इथेच गोदामात उतरवू.

ज्यांनी हे भोगले आहे त्यांना ती अवस्था माहीत असेल. आपला संसार दुसऱ्याच्या गाडीत, रात्र झालेली, सोबत म्हातारे माणूस आणि दोन मुले. मुलांचे अब्बा पैसे द्यायला तयार झाले. अम्मींनी पिशवीतून तो कागद काढून माझ्यासमोर धरला.

मी फोनवर एकेक ओळ वाचली. मग सांगितले की या कागदाचा फोटो पोलीस ठाण्यात दाखवते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवते. माझा आवाज थरथरत होता, पण वर्गात सवय असल्याने शब्द तुटले नाहीत. पंधरा मिनिटांनी फोन आला: सकाळी निघू, जादा काही नको.

त्या चार मुलांना दिवसभराचा भत्ताही मिळालेला नव्हता. अम्मींनी भाकऱ्या आणि सोड्यांची चटणी त्यांच्याकडे पाठवली. त्यातला एक जण जेवून झाल्यावर माझ्याजवळ आला. "ताई, मागची ताडपत्री फाटलीय. मी मालकाला सांगितलं होतं." तोवर पाच तास पाऊस लागला होता. आम्ही दुकानातून प्लॅस्टिक आणून बांधले आणि लॉजवर जाऊन जागत पडलो.

घाटाची वाट

सकाळी खोपोलीहून वर निघालो. पायथ्याशी टाटांचे वीजघर आहे. 1915 साली ते सुरू झाले. लोणावळ्याच्या तलावांत साठवलेले पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून इथे वीज होते आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी या घाटातून आपोआप उतरते. माणसाला आणि मालाला मात्र दर वेळी कष्टाने चढावे लागले आहे.

हा रस्ता गाड्यांसाठी 1830 मध्ये खुला झाला. त्याआधी माल बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवरून जाई. 1863 मध्ये घाटातून रेल्वे गेली. बोगदे आणि पूल बांधताना हजारो मजुरांचे प्राण गेले. आजही कर्जतहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने लागतात. वाटेत शिंगरोबाचे देऊळ लागते. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि नंतर त्यालाच मारले गेले, अशी कथा सांगतात. आमच्या ट्रकवाल्याने तिथे गाडी हळू करून नाणे टाकले.

खंडाळ्याच्या वर धुके, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढे छत्र्यांची गर्दी. सहलीला आलो होतो तेव्हा हाच पाऊस किती गोड वाटला होता! कार्ल्याचा फाटा आल्यावर मी मुलांना लेण्यांबद्दल सांगितले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांतून घाटमाथ्यावर जाणारा व्यापार याच वाटेने चाले. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यात दूरच्या वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे, धेनुकाकटचे यवनही आहेत. मुलगी म्हणाली, "म्हणजे कुणी काय दिलं, ते त्यांनीही लिहूनच ठेवलं." अम्मी माझ्याकडे बघून हसल्या.

कामशेत सोडले तसा पाऊस विरळ झाला. लोणावळ्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये आभाळ बदलते. घाटमाथ्यावर धो धो आणि तळेगावात नुसती भुरभुर. दोन्ही बाजूंना भाताची लावणी चालली होती. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ आता आमच्या घरातही शिजतो, पण तेव्हा गुडघाभर चिखलात वाकलेल्या त्या बायका बघून मला आपले महाडच आठवले.

तिसऱ्या मजल्यावर

त्या मुलांनी तीन मजले चढून दोन तासांत सामान वर आणले. फ्रीज पाठीला पट्टा लावून उभाच आणला. काही तास सुरू करू नका, असेही बजावले. महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून तो आला आणि ओझे वाहणाऱ्याला मंडळात नोंदणी, भविष्यनिधी, उपचार मिळाले. या मुलांची नोंद कुठेच नव्हती. ठरलेले दहा हजार सुपरवायझरला मोजून दिले, मुलांच्या हातावर वेगळे ठेवले.

संध्याकाळी खोकी उघडली. मागच्या बाजूची तीन भिजली होती. एकात चादरी, एकात मुलांचे बूट आणि तिसऱ्यात अब्बांच्या वह्या. पुराने ज्यांना हात लावला नाही, त्या फाटक्या ताडपत्रीखाली भिजल्या. अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फरशीवर वर्तमानपत्रे पसरली आणि पाने एकेक करून सोडवू लागल्या. ईदच्या दिवशीही पंख्याखाली वह्या वाळत होत्या. अकरा वाचल्या. सहा वह्यांतली शाई पसरून निळे डाग तेवढे उरले.

कंपनीचे उत्तर असे होते की यादीत "किरकोळ खोकी" आहे, वह्या कुठेच नाहीत आणि विमा तुम्ही घेतला नाही. दोन्ही खरे होते. आमच्या कागदाने पैसे वाचवले. वस्तूंसाठी आम्ही काहीच लिहिले नव्हते.

म्हणून घर हलवणाऱ्या भावाबहिणींना चार गोष्टी सांगते. घर न बघता भाव सांगणाऱ्याला गाडी देऊ नका. सामान बघितल्यावरच गाडी चौदा फुटी लागेल की सतरा फुटी हे ठरते आणि वाटेत "माल जास्त झाला" म्हणायला जागा राहत नाही. गाडी बंद असावी. पावसाळ्यात ताडपत्रीवर भरवसा नको. खोक्यांना नंबर द्या आणि कोणत्या नंबरात काय ते यादीत लिहा. मौल्यवान खोके वेगळ्या ओळीत, किमतीसह. गाडीचा नंबर आणि माल लिहिलेली बिल्टी निघण्यापूर्वी हातात घ्या. विमा म्हणून पैसे मागितले तर विमा कंपनीची पॉलिसी बघा, मूव्हर्सच्या तोंडी हमीला विमा समजू नका. आगाऊ थोडे, बाकी सामान उतरवून मोजल्यावर. नुकसान झाले तर गप्प बसू नका. 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे वाहतूकदारावर दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आणि जे पुन्हा मिळणार नाही, ते मांडीवर घ्या.

आम्ही नोटीस दिली. दोन महिन्यांनी तीन हजार रुपये आले. अम्मींनी त्यातून सहा कोऱ्या वह्या आणायला सांगितल्या. रोज मगरिबनंतर त्या आठवून आठवून शब्द सांगतात, माझी मुलगी लिहिते. अर्थावरून दोघींचे वाद होतात आणि कधी कधी निवाड्यासाठी मला बोलावतात. परवा चौथी वही सुरू झाली.