विटांच्या दरजा

अकोल्याहून कोणी पाहुणं आलं की आमचं मँचेस्टरचं घर बघून एकच उद्गार निघतो, "इतल्याशा घरात कसे रायता, बाप्पा!" घराच्या वतीनं राग येतो. म्हणून अशांना आता मी स्टायलला नेते.

विमानतळाला लागूनच असलेल्या या गावात सॅम्युअल ग्रेगनं 1784 साली क्वारी बँक ही सूतगिरणी काढली आणि पुढे कामगारांसाठी ओक कॉटेजेस ही लाल विटांची घरं ओळीनं बांधली. खाली बैठक नि स्वयंपाकघर, वर निजायच्या दोन खोल्या, संडास मागे अंगणात. भाडं पगारातूनच कापलं जाई. ग्रेगच्या उदारपणाचं कौतुक इथे पुष्कळ होतं. असेलही, पण डॉमिनिका बेटावरच्या त्याच्या मळ्यात गुलाम राबत होते, हे मी पाहुण्यांना सांगितल्याशिवाय राहत नाही. आणि अमेरिकेतल्या यादवीत, 1861 ते 65, कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे डोळे लावले, हेही. 1867 साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, ती काही आपल्याला फिरवायला नव्हे. इथवर आलं की पाहुणे यंदाच्या कापसाच्या भावावर घसरतात.

ओळीतल्या घराला उघड्या भिंती दोनच, पुढची आणि मागची. बाकीच्या दोन शेजाऱ्यांशी सामायिक. विटा वाचतात, शेजारच्या चुलीची ऊब मिळते. विटांवर तेव्हा सरकारी कर होता, तो 1850 साली उठला. वाचलेली वीट म्हणजे वाचलेला पैसा. आमचं दर्यापूरकडचं धाब्याचं घर नेमकं उलट. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, वर मातीचंच धाबं, खिडक्या नावाला, कारण मे महिन्याचं ऊन बाहेर थोपवायचं. सामायिक भिंत तिथेही होती, पण ती मुख्यतः भांडायच्या कामी येई. तरी विटेची नि मातीची, दोन्ही भिंती ओल पितात आणि बाहेर टाकतात. वरून सिमेंट थापलं की दोन्ही आतून कुजतात. वऱ्हाडात हल्ली जो तो तेच करतोय.

आमच्या इथल्या घरमालकानंही विटांच्या दरजांत सिमेंट भरून तेच केलं. जुन्या विटेच्या दरजा चुन्यानंच भराव्यात. सिमेंटच्या दरजेतून पाणी निघत नाही, ते विटेत शिरतं, हिवाळ्यात गोठतं आणि विटेचा पापुद्रा सुटतो. जुनी दरज छिन्नीनं, हातानं खरवडावी. ग्राइंडर लावला तर विटेच्या कडा जातात. काम उन्हाळ्यात काढावं, चुन्याला थंडीचा कडाका सोसत नाही. भरल्यावर काही दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवावं. गवंडी म्हणाला की सिमेंट लवकर सुकतं, तर त्याला चहा पाजावा आणि दुसरा गवंडी शोधावा.