मनोरा मावेना, नाव ठरेना

उंच माणूस ग्रुप फोटोत असला की फोटोग्राफर त्याला मागच्या रांगेत उभा करतो, नाहीतर सरळ खुर्चीत बसवतो. मनोऱ्याला बसवायची सोय नाही. तो उभाच राहणार आणि फोटो काढणाऱ्याला मागे मागे सरकावे लागणार. फार मागे गेले की मनोरा चौकटीत मावतो खरा, पण मग तो मनोरा राहत नाही, आभाळाला टोचलेली टाचणी होते. जवळून काढावा तर बुंधा हत्तीच्या पायासारखा दिसतो आणि टोक निमुळते होत मागे झुकते, आता पडतो की मग पडतो असे वाटायला लागते.

सुटीच्या अंकात जगातल्या उंच मनोऱ्यांवर चार पाने द्यायची ठरली, तेव्हा फोटो निवडणे आणि फोटोंखालच्या ओळी लिहिणे हे काम माझ्याकडे आले. आमच्यासारख्या अनेक भाषांतून निघणाऱ्या साप्ताहिकात फोटो बहुतेक वेळा मुख्य कचेरीतून येतात, ओळी ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहायच्या. हे काम कुणी फारसे मनावर घेत नाही. मला विचाराल तर लेख लिहिण्यापेक्षा ते अवघड आहे. वाचक लेख वाचो न वाचो, फोटो आणि त्याखालची ओळ वाचतोच. दवाखान्यात नंबर येईपर्यंत तेवढाच वेळ हातात असतो.

मान अर्थातच दुबईच्या बुर्ज खलिफाचा. उंची ८२८ मीटर. त्याचे म्हणून पंचेचाळीस फोटो आले होते. सूर्यास्तातला, नववर्षाच्या आतषबाजीतला, विजा चमकतानाचा. सगळ्यांना आवडला तो धुक्यातला. खाली कापसासारखे पांढरे धुके, त्यातून वर आलेला रुपेरी सुळका, बाकी शहर गायब. फोटो देखणा आहे यात वादच नाही. पण तो पाहिल्यावर हा मनोरा कुणी बांधला असेल असा प्रश्नच पडत नाही. कैलास पर्वतासारखा तो आपोआप उगवला असावा असे वाटते.

मी कागदावर एक हिशेब मांडला. आपल्या अंकाचे पान उंचीला साधारण २८ सेंटिमीटर. ८२८ मीटरचा मनोरा पानभर उभा केला, तर त्याच मापाने पाच फूट सात इंचांचा माणूस किती उंच दिसेल? अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त. म्हणजे या वाक्याच्या शेवटी जो टिंबाएवढा पूर्णविराम आहे, तेवढा. मनोरा सबंध दाखवायचा तर माणूस पुसायचा, आणि माणूस दाखवायचा तर मनोरा सोडायचा. छपाईची यंत्रे कितीही सुधारली तरी या हिशेबात फरक पडायचा नाही.

फोटोचे असे, तर नावाची वेगळीच कथा. जमीन खणायला २००४ च्या जानेवारीत सुरुवात झाली, तेव्हापासून सहा वर्षे सगळे जग या इमारतीला 'बुर्ज दुबई' म्हणत होते. जुलै २००७ मध्ये तिने तैवानच्या ५०८ मीटर उंच तैपेई १०१ ला मागे टाकले, तेही याच नावाने. ४ जानेवारी २०१० रोजी उद्घाटन झाले, त्याच समारंभात दुबईचे शासक शेख मोहम्मद यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, तोवर गुप्त ठेवलेली उंची. आणि दुसरी, नवे नाव. शेख खलिफा बिन झायेद हे तेव्हा संयुक्त अरब अमिरातींचे अध्यक्ष आणि शेजारच्या अबू धाबीचे शासक. त्याच्या आदल्याच महिन्यात, डिसेंबर २००९ मध्ये, कर्जात रुतलेल्या दुबईला अबू धाबीने १० अब्ज डॉलर्सची मदत केली होती. नाव का बदलले याचा खुलासा कुणी मागितला नाही. आपल्याकडेही शाळेच्या नव्या इमारतीवर देणगीदाराच्या वडिलांचे नाव लागतेच. मात्र ते पायाभरणीलाच ठरते, वास्तुशांतीच्या दिवशी नाही.

मराठीत त्या नावाचा अर्धा भाग आपल्याच घरचा आहे, हे फोटोओळ लिहिताना लक्षात आले. 'बुर्ज' म्हणजे आपला गडावरचा बुरूज. अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि सह्याद्रीत असा रुजला की त्याला परका कोण म्हणेल? 'मनोरा' हासुद्धा मूळ अरबीच, अर्थ दिव्याची जागा. उरला 'खलिफा', म्हणजे मागून गादीवर येणारा, उत्तराधिकारी. आता यात 'लि' ऱ्हस्व की दीर्घ? आमच्या टेबलावर यावर अर्धा तास गेला आणि दोन चहा झाले. शेवटी ऱ्हस्व ठेवला. दीर्घ हवा होता म्हणून इंदुराहून किंवा बडोद्याहून पत्र येणार, हे धरूनच चालले आहे.

नाव बदलण्यात दुबई एकटी नाही. शिकागोच्या ४४२ मीटर उंच सीअर्स टॉवरचे नाव २००९ मध्ये विलिस टॉवर झाले. विमा दलालीच्या धंद्यातल्या एका कंपनीने तिथे काही मजले भाड्याने घेतले आणि करारात नावही पदरात पाडून घेतले. टोरांटोच्या सीएन टॉवरचे गंमतीचे आहे. सीएन ही तिथल्या रेल्वे कंपनीची अक्षरे. १९९५ मध्ये रेल्वेचे खासगीकरण झाले, मनोरा वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेला, पण लोकांच्या तोंडी बसलेली अक्षरे कोण काढणार? मग त्याच दोन अक्षरांत 'कॅनडाचा राष्ट्रीय मनोरा' बसवला गेला. काटकसरी गृहिणीला शोभेल अशी युक्ती.

आयफेल टॉवर मात्र वेगळ्या कारणाने मनात राहिला. त्याची कल्पना गुस्ताव आयफेलची नव्हे. त्याच्या कचेरीतल्या मोरिस कोशलां आणि एमिल नुगिए या दोन इंजिनीअरांची. १८८४ मध्ये कोशलांने जे पहिले चित्र काढले, त्यात मनोऱ्याच्या शेजारी नोत्र दाम चर्च, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा वगैरे एकावर एक रचून दाखवले होते. उंची नुसत्या आकड्याने कळत नाही, ती कशाशी तरी ताडून दाखवावी लागते, हे त्या माणसाला फोटो काढायच्या आधीच उमगले होते! आरंभी मनोऱ्याला '३०० मीटरचा मनोरा' असेच म्हणत. पुढे आयफेलने दोघांकडून हक्क घेतले, पैसा उभारला, टीका सोसली आणि १८८९ मध्ये मनोरा उभा करून दाखवला, म्हणून नाव त्याचे लागले. ते अगदीच अन्यायाचे म्हणता येत नाही. त्याने स्वतः पहिल्या मजल्याखालच्या पट्टीवर ७२ फ्रेंच शास्त्रज्ञ, इंजिनीअर वगैरेंची नावे मोठ्या अक्षरांत लावली. त्या ७२ मध्ये बाई एकही नाही. सोफी जर्मेन या गणितज्ञ बाईंनी धातूच्या पत्र्यांच्या कंपनांवर, लवचिकतेवर काम केले होते, म्हणजे लोखंडी मनोऱ्याच्या जवळचाच विषय, पण त्यांनाही जागा मिळाली नाही. बायकांची नावे लावण्याचे प्रयत्न पॅरिसमध्ये २०२५ पासून सुरू झाले आहेत, म्हणजे तब्बल १३६ वर्षांनी.

याच मनोऱ्याचा रात्रीचा, दिव्यांनी लखलखणारा फोटो आम्ही बाजूला ठेवला. दिवसाचा फोटो कुणीही छापावा, पण त्या रोषणाईवर हक्क सांगितला जातो आणि धंद्यासाठी फोटो वापरायचा तर परवानगी काढावी लागते. लोखंड सर्वांचे, उजेड मालकीचा.

एवढे सगळे फोटो टेबलावर पसरलेले असताना मला मामांची आठवण झाली. शेजारच्या काकूंचे हे भाऊ. रत्नागिरी जिल्ह्यातले, सेंट्रिंगचे सुतारकाम करणारे. आमची सगळी चाळ त्यांना मामाच म्हणते. २००५ पासून अडीच वर्षे ते या मनोऱ्यावर होते. काम भरात असताना तिथे रोज १२ हजारांवर माणसे राबत, त्यांतली बहुतेक आपल्या उपखंडातली. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतायचे, तेही पाण्याऐवजी बर्फ घालून, नाहीतर ते वर पोचायच्या आत आटायला लागे. मार्च २००६ मध्ये मजुरी आणि वागणुकीवरून तिथे मजुरांचा उद्रेक झाला, गाड्या फुटल्या, काम थांबले. मामा त्याविषयी एवढेच म्हणतात, "मी खोलीवर होतो गो. बायकोला फोन लावीत होतो." पुढे विचारले की विषय बदलतात.

मी त्यांच्याकडे फोटो मागितला. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक काढला. पिवळे हेल्मेट घातलेले मामा, एक हात उभ्या सळयांवर, डोळे उन्हाने बारीक झालेले. मागे नुसते पांढरट आकाश. खाली लाकडी फळ्या. बस्स.

"मामा, यात मनोरा कुठे आहे?" मी विचारले.

"तो कसा दिसणार? मी त्याच्यावरच उभा हाय ना!"

त्याच पिशवीत त्यांचे सुरक्षा प्रशिक्षणाचे कार्ड होते. त्यावर कामाचे ठिकाण छापलेले: बुर्ज दुबई. २००९ च्या मंदीत मामा परत आले. दोन वर्षांनी पुन्हा आखातात जायचे म्हणून मुंबईत एका एजंटाकडे कागद दिले, तर तिथल्या पोरसवदा कारकुनाने कार्ड उलटसुलट करून सांगितले की या नावाची इमारतच दुबईत नाही. मामांनी खिडकीशेजारच्या कॅलेंडरवरचे चित्र दाखवून म्हटले, "ही काय!" कारकून म्हणाला, हे तर बुर्ज खलिफा. काम मिळाले नाही. कार्डामुळेच मिळाले नाही असे मामाही म्हणत नाहीत, वयही झाले होते. पण ते आजही त्या इमारतीला बुर्ज दुबईच म्हणतात, आणि कुणी दुरुस्त केले तर गप्प होतात.

तो फोटो मी कचेरीत नेला. संपादकांनी तो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि अपेक्षेप्रमाणेच विचारले, "पण यात मनोरा दिसत नाही." मी मामांचे उत्तर सांगितले. ते हसले, पण लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सुटीत मुले अंक हातात घेतील ती उंच मनोरे बघायला, हेल्मेट घातलेल्या गृहस्थाला नाही. धुक्यातला सुळका पाहून एखादा मुलगा इंजिनीअर व्हायचे ठरवील, तेही मोलाचेच आहे. आणि त्या सुळक्यातही थोडी फसवाफसवी आहेच. ८२८ पैकी वरच्या २४४ मीटरमध्ये कुणाला राहता येत नाही, ती नुसती उंचीसाठी उंची. कुतुबमिनार साडेबहात्तर मीटरचा. तसे तीन एकावर एक ठेवले तरी वर जागा उरेल.

कुतुबमिनाराचा फोटो चौथ्या पानावर जाणार होता. त्याच्या नावाचाही वाद जुनाच. कुणी म्हणतात कुतुबुद्दीन ऐबकावरून, कुणी म्हणतात कुतुबुद्दीन बख्तियार काकी या सूफी संतावरून. पण त्यावर आणखीही नावे आहेत, हे मला हे काम करताना कळले. चौदाव्या शतकात वीज पडून वरचे मजले मोडले तेव्हा फिरोजशहा तुघलकाने दुरुस्ती करवली. ती करणाऱ्या कारागिरांनी दगडावर नागरी लिपीत लेख कोरून ठेवले. त्यात विश्वकर्म्याचे नाव आहे, आणि नाना, साल्हा अशी चक्क माणसांची नावे आहेत. सुलतानाच्या मिनारावर सुताराची, गवंड्याची नावे, आपल्याला वाचता येतील अशा अक्षरांत. साडेसहाशे वर्षांत ती कुणी खोडली नाहीत. मात्र त्यांचा फोटोही सहसा कुणी काढत नाही. आलेल्या सव्वीस फोटोंत त्या कोरीव अक्षरांचा एकही नव्हता.

तो मुख्य कचेरीतून मुद्दाम मागवला. आला तो अंधूक, अक्षरे झिजलेली. कलाविभागातले गृहस्थ म्हणाले, छापल्यावर निव्वळ दगड दिसेल. तरीही चौथ्या पानाच्या तळाशी दोन लहान चौकटी काढल्या. एकीत तो दगड, दुसरीत मामा. प्रत्येकी पावणेदोन इंच. पहिल्या पानावर धुक्यातला सुळका, खाली 'बुर्ज खलिफा, दुबई, ८२८ मीटर', 'लि' ऱ्हस्व.

मामांना विचारले, नाव घालू ना? तर नको म्हणाले. गावाकडची माणसे फोटो बघून उसने मागायला येतील! मग फोटोखाली काय लिहू, असे विचारल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि ओळ सांगितली. मी ती तशीच लिहून घेतली. 'बुर्ज दुबई, १०९ वा मजला, सकाळची पाळी.' अंक निघाल्यावर तीन प्रती ठेवायला सांगितल्या आहेत. एक घरी, एक बहिणीकडे. तिसरी कुणाला ते बोलले नाहीत.